पर्जन्यमापकाला बांधलेली गोणी

मंडळी, आत्ताच ओतूरहून आलो आणि अक्षरशः किळस आलीय.

तिथे पुण्याच्या एका साहेबांनी पुढच्या तीन तासांचा पाऊस सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम दाखवला. न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याला. उपग्रहाने टिपलेले ढग आणि खाली मोजलेला पाऊस यांची सांगड घालून तो आपला आपण शिकतो. मी दहावी नापास, पण त्यातलं गणित पुस्तकं आणून समजून घेतलंय. युक्ती अस्सल आहे.

मात्र त्याला शिकवलेले आकडे पाहिले, तर आमच्या गावच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रावर जुलैत सलग नऊ दिवस शून्य! मी घरी रोजचा पाऊस मोजून वहीत लिहितो, तिच्यात त्याच नऊ दिवसांत रोज पाऊस.

परतताना केंद्रावर उतरलो. पर्जन्यमापकाच्या तोंडावर खताची गोणी, सुतळीने करकचून बांधलेली.

नोंदी लिहिणारा तिथला शिपाई म्हणाला, "कावळं घाण करत्यात राव. तपासणीच्या साहेबाला भांडं स्वच्छ लागतं."

"आणि आकडा?"

"भांड्यात न्हाई पडलं तर शून्यच लिवणार ना भाऊ! खोटं कशाला लिवू?"

पुण्याच्या साहेबांना लगेच फोन केला. "सरकारी नोंद आहे, तुमची वही खासगी," म्हणाले आणि ठेवला. म्हणजे काळ्या ढगातून पाऊस पडत नाही, हेच ते यंत्र शिकलंय.

आमच्या शेजारच्या किसनभाऊंनी मात्र 'पुढचे तीन तास पाऊस नाही' हा त्याचा अंदाज ऐकून वर्षाचं सोयाबीन खळ्यावर उघडं टाकलंय. झाका म्हटलं तर हसले. "कॉम्प्युटर कुणाचा मिंधा हाय का, खोटं बोलायला?"

पश्चिमेला आभाळ भरलंय. ताडपत्री घेऊन मीच निघालोय. तुमच्या गावचं पर्जन्यमापक कुणी शेवटचं कधी पाहिलंय?