लोणखेड्यातली बंद खोली

लोणखेड्याच्या एका कॉलेजात, ग्रंथालयात मला नोकरी लागली, तेव्हा सगळ्यात अवघड काम होतं ते खोली मिळवणं. मी नवापूरकडच्या डोंगरातल्या गावातली. एकटी बाई, त्यात आमचं आदिवासी आडनाव. फोनवर खोली रिकामी असायची आणि समोर जाऊन नाव सांगितलं की नुकतीच दिलेली असायची. बरेच दिवस मी जवळच्याच शहाद्यात एका मैत्रिणीच्या घरी पाहुणी म्हणून राहिले. म्हणून रस्त्याकडेच्या त्या नव्या स्लॅबच्या घरातल्या काकांनी आडनाव ऐकूनही, "बेटी, सामान कधी आणस?" असं विचारलं तेव्हा खोलीची खिडकी उघडते की नाही, हे मी पाहिलंसुद्धा नाही.

काका गुजर शेतकरी. केळी आणि ऊस. दोन्ही मुली लग्न होऊन सुरतेला गेल्या होत्या आणि घरात काका-काकू दोघंच. काकूंना दमा होता. घरासमोरून दिवसभर ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रक जायचे, धूळ उडायची. शेतात उसाचं वाळलेलं पाचट जाळलं की काळी राख थेट अंगणात उतरायची. एकदा काकूंना मोठा झटका आला आणि डॉक्टरांनी धुळीपासून जपा म्हणून सांगितलं. काकांनी ते मनावर घेतलं. घरातल्या सगळ्या सरकत्या खिडक्या बंद करून काचांच्या कडेने त्यांनी स्वतःच्या हाताने पांढरं सिलिकॉन भरलं. घराच्या मधोमध, हवेसाठी वरपर्यंत मोकळा ठेवलेला एक चौकोन होता, ज्याला मिस्त्री डक्ट म्हणतात. माझ्या बाथरूमचा झरोका त्याच डक्टमध्ये उघडायचा. त्यावरही काकांनी फायबरचा पत्रा टाकून चारी बाजूंनी तो बुजवला होता.

माझी खोली घराच्या एका कडेला. तिला दोन दारं. एक बाहेर अंगणात उघडणारं, दुसरं त्यांच्या घरात, पण त्याची कडी त्यांच्या बाजूने. भिंतीपलीकडे काकूंचा पलंग. त्यांचा खोकला मला ऐकू यायचा आणि माझं भांडं पडलं तर त्यांना.

उन्हाळा लागला तसं ते घर काय आहे ते मला कळलं. स्लॅब दिवसभर तापायचा आणि अंधार पडल्यावर ती सगळी धग खाली सोडायचा. आमच्या गावच्या घराच्या भिंती कुडाच्या. बांबूच्या फटींतून वारा आणि उजेड दोन्ही आत येतात, थंडीत त्याचा वैताग होतो, पण श्वास घेण्याचा विचार आम्हाला कधी करावा लागला नव्हता. इथे मी कूलर आणला आणि तो खोलीतच ठेवावा लागला, कारण खिडकी उघडत नव्हती. थोडा वेळ बरं वाटायचं, मग तीच ओली हवा खोलीत फिरत राहायची. चादर चिकट, पुस्तकांची पानं मऊ, कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळपट डाग. बाहेरचं दार उघडावं तर रस्त्यावरून येणारे-जाणारे आत बघत. शिवाय दार उघडं दिसलं की काका यायचे. रागावत नसत. उंबऱ्याशी उभे राहून हळूच म्हणायचे, "बेटी, दार लाई ले. तिन्हा दमा वाढस."

भिंतीपलीकडे एक बाई धापा टाकत होती. मी दार लावून घ्यायचे.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसात बुरशी कपाटामागून बाहेर येऊन कपड्यांना लागली. कॉलेजातून परत येताना, वळणावर ते घर दिसलं की माझी पावलं आपोआप हळू पडायची. दुसरी खोली शोधायची तर पुन्हा तेच, आडनाव सांगायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहायचं. तो विचार केला की वाटायचं, आहे ती खोली बरी. मला कुणी कोंडलं नव्हतं. किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची. तरीही कोंडल्यासारखं वाटायचं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, कारण काका-काकू दोघंही माझ्याशी चांगलं वागत होते. गुरुवारी काकू काकांच्या हाती माझ्यासाठी कढी पाठवायच्या.

थंडी पडली. मी सकाळी गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून पातेलं बाथरूममध्ये नेते, हे काकांनी पाहिलं आणि म्हणाले, एखाद दिवशी अंगावर सांडून घेशील. न विचारताच त्यांनी माझ्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर बसवून दिला. भिंतीवर गीझर, खाली कोपऱ्यात सिलिंडर. नळ सोडला की आत निळी ज्योत पेटायची आणि लगेच गरम पाणी. मला फार आनंद झाला. इतकं कढत पाणी अंगावर घेऊन अंघोळ करण्याची चैन मी आयुष्यात कधी केली नव्हती. नळ बंद केल्यावरही दार लावून मी बराच वेळ वाफेत उभी राहायचे.

थोड्याच दिवसांत सकाळी माझं डोकं दुखायला लागलं. अंघोळीनंतर मळमळायचं, पाय जड व्हायचे, कॉलेजात पोचेपर्यंत बरं वाटायचं. मला वाटलं सर्दी असेल, झोप कमी पडत असेल. सुट्टीत घरी गेले की एकदाही डोकं दुखत नसे, पण त्याचा अर्थ मी आईच्या हातच्या जेवणाशी लावला.

त्या सकाळी बरीच थंडी होती. केस धुवायचे होते, म्हणून नळ जास्त वेळ चालू ठेवला. शाम्पू लावताना एकाएकी छातीत धडधडलं आणि भिंतीवरच्या फरशा हलल्यासारख्या वाटल्या. मी खाली बसले. बसल्यावर बरं वाटेल असं वाटलं, पण हात सुटल्यासारखे झाले. दार अगदी समोर होतं. वर कडी दिसत होती. मी स्वतःला सांगत होते, ऊठ, कडी काढ, आणि ते सांगणं नुसतं डोक्यात फिरत होतं, हातापर्यंत पोचतच नव्हतं. ओरडायचंही सुचलं नाही. भीती वाटली का, तर नाही, हेच आज मला जास्त भयंकर वाटतं. फक्त झोप येत होती. बादली भरून वाहायला लागलेली मला आठवते. पुढचं आठवत नाही.

पुढचं काकूंनी सांगितलं. त्या पलंगावर पडून होत्या. भिंतीपलीकडे पाणी पडतंय, पडतंय, थांबतच नाही. पोर पाणी वाया घालवणारी नाही, हे त्यांना इतक्या महिन्यांत ऐकून ऐकून माहीत झालं होतं. त्यांनी भिंतीवर थाप मारली, उत्तर नाही. मग उठल्या, त्यांच्या बाजूची कडी काढून माझ्या खोलीत आल्या आणि बाथरूमचं दार वाजवलं. काका अंगणात मोटारसायकल काढत होते. त्यांना हाक मारायला काकूंना दम पुरेना, म्हणून त्यांनी हातातलं स्टीलचं तांब्याभांडं फरशीवर आपटलं. काका धावत आले. दार फायबरचं होतं, दोन लाथांत तुटलं. त्यांनी मला बाहेर ओढलं, काकूंनी अंगावर रजई टाकली. खोलीतही हवा नव्हतीच. काकांनी कुदळीच्या दांड्याने माझ्या खिडकीची काच फोडली, मग रजईसकट उचलून मला अंगणात नेलं.

मी डोळे उघडले तेव्हा माझं डोकं काकूंच्या मांडीवर होतं. रस्त्यावरून ट्रक जात होता, धूळ आमच्या दोघींच्या अंगावर येत होती, त्यांनी पदर स्वतःच्या नाही, माझ्या तोंडावर धरला होता. त्या किती तरी महिन्यांनी अंगणात आल्या होत्या.

शहाद्याच्या दवाखान्यात मला दिवसभर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी आधी बाथरूमला खिडकी आहे का, हेच विचारलं. मग समजावून सांगितलं की बंद जागेत गीझरची ज्योत तिथली हवा संपवते आणि विषारी वायू तयार करते. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला कळतसुद्धा नाही. रोजची डोकेदुखी त्याचीच होती. सोबत आलेल्या काकूंना तपासून ते म्हणाले, धूळ वाईट हे खरं, पण बंद घरातली ओल आणि बुरशी दम्याला तितकीच वाईट.

काका बाकावर मान खाली घालून बसले होते. "हाई मन्हा हातवरी व्हयनं," ते म्हणाले.

नाही काका, तुमची काय चूक, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आयुष्यभर मी अशा वेळी तेच बोलत आले होते. पण या वेळी ते मला बोलवेना.

"काका," मी म्हटलं, "मला उघडणारी खिडकी पाहिजे. ते जमत नसेल तर मी खोली सोडते."

त्यांच्याआधी काकूच म्हणाल्या, "माले बी पाहिजे."

काकांनी तिकडे चमकून पाहिलं. मग त्या थांबून थांबून बोलत गेल्या. काकांनी त्यांच्यासाठी केलं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या, पण त्या घरात त्यांना दिवस आहे का रात्र हेसुद्धा घड्याळ बघून कळायचं. आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना एकच गोष्ट मनात ठेवून बसलो होतो, हे मला त्या दवाखान्यात समजलं.

डक्टवरचा पत्रा काकांनी स्वतः काढला, जाळी बसवली. गीझर बाहेरच्या भिंतीवर गेला, सिलिंडर त्याच्याखाली, आत फक्त नळ राहिला. ब्लेडने खरवडून खरवडून खिडक्यांचं सिलिकॉन काढलं. पुढे ऋतूप्रमाणे घर उघडायची-मिटायची सवय आम्हाला लागली. उन्हाळ्यात रस्ता जागा व्हायच्या आधी सगळं उघडायचं, ऊन चढलं की मिटायचं. कूलर खिडकीबाहेर ठेवायचा आणि समोरची खिडकी थोडी किलकिली, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून सुटी. थंडीत दुपारच्या उन्हात सगळं सताड उघडं. पाचट जळत असलं की मात्र पुन्हा बंद.

काकूंचा दमा गेला नाही. काही दिवस बरे जायचे, काही दिवस पूर्वीपेक्षा वाईट, आणि अशा दिवशी काका उघड्या खिडकीकडे अशा नजरेने बघायचे की मलाच उठून ती लावावीशी वाटायची. मधल्या दाराची कडीही त्यांच्याच बाजूने राहिली. तेवढं मागायचं मला सुचलं नाही. पण काकांना एक नवी खोड लागली. सोयरिकीत, लग्नात, सारंगखेड्याच्या पाहुण्यांकडे, जातील तिथे ते आधी बाथरूम बघायचे आणि गीझर आत दिसला की तो बाहेर हलवायचं कबूल करून घेतल्याशिवाय चहाला हात लावत नसत. काकू म्हणायच्या, लोक आते याले चहाच इचारत नईत. ते सांगताना त्यांना हसू यायचं, हसताना खोकला यायचा आणि काका पाणी आणायला उठायचे.