पप्पांच्या चौदा दिवसांच्या गोळ्या

पप्पांच्या पोटाची आमच्या घरात कधी कुणी काळजी केली नाही. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला ॲसिडिटी असायचीच, असं ते स्वतःच म्हणायचे आणि एक गोळी चघळायचे. म्हणून त्या रविवारी सकाळी ते संडासातून भिंत धरत बाहेर आले आणि दारातच खाली बसले, तेव्हा आईला वाटलं, रिकाम्या पोटी चक्कर आली असेल. पण चेहरा पांढराफटक होता.

"काळी होतेय," ते म्हणाले. "चार दिवस झाले. डांबरासारखी."

"चार दिवस? आणि आज सांगताय?" मी ओरडलेच.

पप्पांचे थोरले भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेले होते आणि त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. तो शब्द आमच्यापैकी कुणीच उच्चारला नाही.

बेलवलीच्या घरून रिक्षा करून त्यांना उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी तोंडातून पोटात दुर्बीण घातली. डॉक्टर सिंधी बाई होत्या, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. त्यांनी मला आत बोलावलं. एका छोट्या पट्टीवर पिवळा ठिपका होता आणि त्यात पप्पांच्या पोटातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा.

"देखो, गुलाबी होतंय," त्या म्हणाल्या. "एच पायलोरी. जंतू आहे. अल्सर त्यानेच केलाय."

"आणि... दुसरं काही?"

त्यांना कळलं. "बाकीचे तुकडे लॅबला पाठवलेत. पाच दिवस थांबा."

त्या पाच दिवसांत पाण्याची मोटार कशी चालू करायची, हे पप्पांनी आईला दोनदा शिकवलं. आईला ते कधीपासूनच येत होतं. तिने दोन्ही वेळा मुकाट्याने ऐकून घेतलं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. मी जिन्यातच बसून रडले. पण डॉक्टरांचा आवाज कडक होता. "अंकल, चौदा दिवस, दिवसातून चार वेळा. एकही गोळी चुकवायची नाही. अर्धवट सोडलं तर हा जंतू पुढे औषधाला दाद देणार नाही."

सुरुवातीचे दिवस नीट गेले. पप्पांच्या तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची, भात नको व्हायचा, पण ते गोळ्या घेत होते. नवव्या दिवशी मी कामावरून आले आणि सहज गोळ्यांचं पाकीट उघडलं. सकाळच्या गोळ्या तशाच होत्या. आदल्या दिवशीच्याही.

"पप्पा, हे काय?"

ते खिडकीकडे बघत बसले होते. "पुन्हा काळी झाली. आता गोळ्या खाऊन काय होणार?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"चक्कर येते का? घाम?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पहिल्यासारखी चिकट आहे का? तसाच घाण वास?"

मी पप्पांना विचारलं. त्यांनी आठवून मान हलवली. "नाही. नुसती काळी, कोळशासारखी."

"अरे, त्यातल्या एका गोळीनेच काळी होते! मैंने बताया था अंकल को." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तरी आत्ताच घेऊन या. रक्त बघू."

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसून होतो. आईने पप्पांचं मनगट सोडलं नाही. हिमोग्लोबिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी पप्पांना असं झापलं, की ते शाळेतल्या पोरासारखे खाली बघत राहिले. राहिलेल्या गोळ्या त्यांनी पुऱ्या केल्या, पण त्या दोन दिवसांच्या खंडात जंतू टिकून राहिला असेल का, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हत्या. तपासणी दीड महिन्याने होणार होती. तोवर पप्पांनी नुसता ढेकर दिला तरी मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

तपासणीच्या दिवशी त्यांनी श्वास तपासायच्या पिशवीत फुंकर मारली. जंतू गेला होता.

"हा जंतू घरात एकाचा दुसऱ्याला लागतो. आणखी कुणाला पोटाचा त्रास?" डॉक्टरांनी निघताना विचारलं.

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मला वर्षभर जळजळतंय. यांचं बरं होऊ दे म्हटलं आधी."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर बसले. "आजच तपासा हिला," ते म्हणाले.