उंबऱ्यापुढचा मधला ठिपका

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तिशीतली मी म्हणजे केमिस्ट्रीची पदवीधर, नाक आभाळात! ट्रॉम्बेच्या एका लॅबमध्ये कामगार छातीवर लावायचे त्या फिल्म तपासायचे. फिल्म काळी पडली तर रेडिएशन, नाहीतर अफवा. सासूबाई दृष्ट काढायला लागल्या तरी म्हणायचे, "आधी फिल्म दाखवा!" काय ती अक्कल...

आता पंचाहत्तरीत तेच रेडिएशन माझ्या डाव्या डोळ्यात शिरलं. आत गाठ होती. किरणोत्सर्गी चकती टाके घालून चार दिवस डोळ्यावर बसवली. गाठ मेली – पण दीड वर्षाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजायला लागल्या, उरलेल्या गळायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, रक्त न मिळालेल्या पेशी एक रसायन सोडतात, त्याने गळती आणखी वाढते." ते रसायन रोखायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन.

मधल्या काळातली तपासणी माझी घरचीच. बोरीवलीत तिसऱ्या मजल्यावर, दारापुढे रोज नऊ ओळींची ठिपक्यांची रांगोळी. उजवा डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रांगा वाकड्या दिसल्या की समजायचं, पडदा सुजलाय. एका सकाळी मधला ठिपकाच गेला. तिथे नुसता करडा डाग.

स्कॅन बघून बाई म्हणाल्या, "मधल्या पेशी गेल्यात. इंजेक्शनं थांबवूया."

"डोळा माझा. कधी सोडायचा ते मी ठरवीन!"

दुसऱ्या दिवशी नात सई म्हणाली, "आजी, आज रांगोळी मी काढते. तू चीटिंग करतेस." माझ्या उजव्या डोळ्यावर तिने ओढणी करकचून बांधली. "बोल, मध्ये काय?"

करडा डाग... आणि त्यात ठिपका.

"हिरवा."

सईने ठिपका पुसला, रंग बदलला.

"जांभळा."

पुन्हा.

"आता काहीच ठेवलं नाहीयेस, लबाड!"

पाच वेळा विचारलं, पाचही बरोबर.

"ए आजी, हे काय गं? मला भीती वाटतेय."

"मला नाही. चहा टाक."

क्लिनिकमध्ये मशिनपुढे मात्र शून्य. डाग, बस्स. "घरी डोळ्याच्या कडेने बघत असाल," बाई म्हणाल्या. मग तीच कड इथे का चालेना? पुढचं इंजेक्शन मी हट्टाने घेतलंच.

तिशीतली ती दीडशहाणी आज असती तर म्हणाली असती, "फिल्म दाखवा."

ये गं दीडशहाणे. बस अशी उंबऱ्याशी. झाक माझा उजवा डोळा, ठेव ठिपका...