सरळ रुळातली हिरवी पट्टी

नेद्याल्का जेवायची तीसुद्धा उभ्यानं. एका हातात चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा, दुसऱ्या हातात पेचकस, आणि कान दालनाकडे. मी तिकीट खिडकीवर बसायचे. तिचं जेवण माझ्या खिडकीशीच व्हायचं, कारण तिथून सगळे खेळ ऐकू यायचे. आमच्या विज्ञान केंद्रातल्या प्रयोगांच्या मांडण्यांना आम्ही खेळच म्हणायचो. एखादी कप्पी जराशी वेगळी करकरली की बानित्सा माझ्या टेबलावर टाकून ही पळाली.

"मावशी, अगं पोरं आहेत. करकरणारच."

"पोरं करकरत नाहीत. तो डाव्या बाजूचा बेअरिंग आहे."

आणि तो डाव्या बाजूचाच असायचा.

स्लिवेनच्या कापडगिरणीत तिनं सव्वीस वर्षं मागांची दुरुस्ती केली होती. गिरणी बंद पडली, शेड ओस पडली, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच शेडमध्ये मुलांसाठी हे केंद्र उघडलं. ती अर्ज घेऊन आली तेव्हा संचालक बोयाजिएव यांनी विचारलं, "मुलांबरोबर कामाचा अनुभव?" तिनं सांगितलं, "मोडलेल्या वस्तूंचा आहे. मुलं आली की त्या असतातच." तिला लगेच घेतलं.

दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : हात लावून बघा. आठवड्याला बारा-पंधरा शाळा हात लावून बघायच्या, आणि उरलेलं नेद्याल्का बघायची.

त्या हिवाळ्यात पाण्याचा नळ फुटला. कोपऱ्यातल्या दोन रुळांच्या खेळाखाली चार दिवस ओल राहिली. खेळ साधा होता. दीड मीटरचे दोन लाकडी रूळ, एक सरळ उताराचा, दुसरा आधी खोल उतरून मग सपाट होणारा. दोन्हींवरून एकाच वेळी गोळ्या सोडायच्या. वाकडी वाट लांबची, तरी तिच्यावरची गोळी आधी पोचते, आणि मुलं तोंड उघडून बघत राहतात. ओलीनं वाकड्या रुळाला फुगवटा आला. गोळी तिथे अडखळायची आणि हरायची. नवा रूळ सोफियाहून यायला दोन महिने लागणार होते. शाळांच्या सहली मंगळवारपासून सुरू होत होत्या.

नेद्याल्कानं काय केलं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तिनं सरळ रुळाच्या खाचेत, शेवटच्या हातभर भागात, हिरव्या लोकरी कापडाची बारीक पट्टी चिकटवली. सरळ गोळी तिथे मंदावायची. वाकडी पुन्हा जिंकू लागली. संचालक खूश, शिक्षक खूश.

मार्चमध्ये ब्रेस्तावो गावच्या शाळेचा सहावीचा वर्ग आला. मुलांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताला बांधतात त्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांच्या मार्तेनित्सा, बाहेर असा वारा की दार ढकलायला दोघं लागत होती. त्यांच्यात झोर्नित्सा नावाची एक मुलगी होती. बारीक, दोन दात एकमेकांवर चढलेले. सगळा वर्ग गोल फिरणाऱ्या खुर्चीपाशी आरडाओरडा करत होता, ही मात्र रुळांपाशी. गोळ्या सोडायची, घड्याळ बघायची, हातावर पेनानं लिहायची. मग तिनं सरळ रुळावर गोळी अर्ध्यातूनच सोडली. मग शेवटच्या भागातून. मग गोळी बाजूला ठेवून खाचेतून बोट फिरवलं. आणि नखानं पट्टी उचकटून काढली.

"इथे कोणीतरी कापड चिकटवलंय!" ती ओरडली. "मुद्दाम!"

वर्गाच्या ताचेवाबाई धावत आल्या. "झोर्नित्सा! काय फाडलंस तू?"

"फाडलं नाही बाई, हे खोटं आहे. हे बघा ना, आता सरळवालीच जिंकते—"

"दुसऱ्याच्या वस्तू तोडायच्या आणि वर तोंड करून बोलायचं? डायरी काढ."

नेद्याल्का तीन पावलांवर उभी होती. बाई तिच्याकडे वळल्या. "मावशी, फार लाजिरवाणं वाटतंय हो. हिच्या घरून भरपाई घेऊ आपण."

"असू दे, असू दे," नेद्याल्का म्हणाली, आणि मुलीच्या हातातून पट्टी घेतली.

झोर्नित्सानं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग डायरी काढायला निघून गेली.

त्यानंतर नेद्याल्काचं काहीतरी बिनसलं. चालू असलेली यंत्रं उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची. बानित्सा माझ्या टेबलावर तशीच गार व्हायची. चौथ्या दिवशी ती खिडकीशी आली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते. तोंडातून 'असू दे' आलं."

"मावशी, एक कापडाचा तुकडा तो. पोरगी विसरलीसुद्धा असेल."

"तू विसरली असतीस?" ती फाडकन म्हणाली. "बोट फिरवून शोधलं तिनं. आपण दारावर काय लिहिलंय? तिनं हात लावून बघितलं, आणि आपण तिला चोर ठरवलं. मी ठरवलं!"

दुपारी ती संचालकांकडे गेली. दार बंद होतं, तरी मला निम्मं ऐकू आलं. "तीन महिने? इतक्या शाळांना?" मग, "नेद्याल्का, आपण शाळेला पत्र पाठवू. जाऊ नका तुम्ही. उगाच गवगवा होईल."

ती बाहेर आली, अंगात कोट घातला, आणि दोन्ही रूळ चादरीत गुंडाळायला लागली.

"पत्र पाठवणार म्हणाले ना ते?"

"पत्रावरून बोट फिरवून शोधता येत नाही. धर ते टोक."

मी खिडकी बंद केली आणि टोक धरलं. त्या दिवशी एकही सहल नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "काय आजीबाई, स्कीइंगला? बर्फ वितळला की!" एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी नुसते रूळ घट्ट धरले. पाऊण तास उभी राहिली, जागा असून.

वर्गात ताचेवाबाईंना आधी वाटलं, आम्ही भरपाई मागायला आलो. नेद्याल्कानं रूळ टेबलावर मांडले, वह्यांची थप्पी खाली सरकवून उतार जमवला, आणि मुलांकडे वळली.

"ती पट्टी मी लावली होती," ती म्हणाली. "रूळ खराब झाला होता आणि मला तो चांगला दिसायला हवा होता. हिनं काही तोडलं नाही. हिनं माझी लबाडी पकडली. आणि मी गप्प बसले."

मागून एक मुलगा म्हणाला, "मग बाईंनी डायरीतलं खोडायला पाहिजे!" हशा पिकला. बाई लाल झाल्या.

झोर्नित्सा हसली नाही. "म्हणजे लांबची वाट आधी पोचते, हेच खोटं?"

"ते खरं आहे."

"कशावरून?"

नेद्याल्कानं गोळ्या तिच्यासमोर ठेवल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. शोध."

पुढचा तासभर त्या टेबलाभोवती जे चाललं, ते आमच्या केंद्रात मी कधी पाहिलं नव्हतं. फुगवटा सापडला तो एका जाड्या मुलाला, डोळे मिटून, बोटानं. सुतारकामाच्या खोलीतून काचकागद आला. कोणी जास्त घासलं म्हणून भांडणं झाली. एकानं दुसऱ्याच्या पायावर रूळ पाडला. ताचेवाबाई आधी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "असं नाही रे, रेषेच्या दिशेनं घास!" घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

शेवटी दहा वेळा गोळ्या सोडल्या. वाकडी सात वेळा जिंकली.

"सातच," झोर्नित्सा म्हणाली.

"रूळ अजून नीट नाही," नेद्याल्का म्हणाली.

"किंवा तुमचं म्हणणं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "अजून कशाकशात चिकटवलंय तुम्ही?"

बाई दटावणार होत्या. नेद्याल्कानं हातानं थांबवलं. "आठवत नाही," ती म्हणाली, आणि मला दिसलं की हे उत्तर तिलाच सगळ्यात जास्त बोचलं. माफी मागून झाली होती, पण मुलीनं माफ केलं की नाही ते कळलं नाही. ताचेवाबाईंनी डायरीतला शेरा खोडला नाही. त्याखाली एक ओळ लिहिली : बरोबर होती. मुलीनं ती दोनदा वाचली आणि डायरी दप्तरात टाकली.

परतल्यावर संचालकांनी आम्हा दोघींनाही लेखी ताकीद दिली. नवा रूळ लांबत लांबत मे महिन्यात आला. बोयाजिएव यांनी जुना फेकायला सांगितला. नेद्याल्कानं तो काचकागदासह एका टेबलावर ठेवून दिला, आणि तो तिथेच राहिला.

सोमवारी केंद्र बंद असतं. तेव्हापासून दर सोमवारी ती एकटी येते, चाळीसही खेळ प्रत्येकी दहादा करून बघते आणि निकाल वहीत लिहिते. मी विचारलं, "सगळे बरोबर निघाले ना आता?" तर म्हणाली, "सदतीस." आणि उरलेल्या तीनपैकी एकाचं झाकण उघडायला गेली.