नाडी हकिमाची, सुई डॉक्टरची

निजामाचं राज्य गेलं आणि नव्या सरकारनं पूर्णेहून दर बाजाराला एक डॉक्टर आमच्या गावी धाडायचं ठरवलं. बसायला जागा मी दिली, माझा गोठा. बैल उन्हात बांधले. शेजारच्या चुडाव्याचे लोक जागा द्यायला टपलेलेच होते, म्हणून मी आधी हो म्हणालो.

डॉक्टर पुण्याकडचा, पोरसवदा, पण हुशार. माणूस आला की त्याचा पहिला सवाल, "काय होतंय?" आमच्याकडं तशी रीत नव्हती. गावच्या हकीमसाहेबांपुढं हात करून गप बसायचं, नाडी धरून त्यांनीच सांगायचं. एक म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "त्यो मलाच इचारायलाय, काय झालंय म्हून. मला ठावं असतं तर आले असते का?"

थोड्याच दिवसांत गोठ्यात माशा तेवढ्या उरल्या. डॉक्टर म्हणाला, "मालक, पुढच्या बाजारापासून मी चुडाव्याला बसतो."

हे मला सोसणारं नव्हतं. मी हकीमसाहेबांना गाठलं. "गोठ्यात येऊन बसा. नाडी तुमची, सुई त्याची."

"और मेरी इज्जत?"

"तुमची बाज त्याच्या खुर्चीपेक्षा उंच ठेवतो." आणि ठेवली, खाली विटा लावून.

डॉक्टर भडकला. "सरकारी दवाखान्यात हकीम चालत नाही."

"गोठा सरकारी न्हाई," मी म्हणालो.

मग जमलं. हकीमसाहेब मनगट धरून हळूच म्हणायचे, "नींद नइ आती ना, बाई?" की बाई माहेरी आल्यासारखी सगळं बोलायची. डॉक्टर मागं उभा राहून ऐकायचा आणि औषध द्यायचा. माणसं बरी व्हायला लागली. चुडाव्याचे लोकसुद्धा यायला लागले. मी दारात उभा राहून बघायचो. बसायची मला सवयच नव्हती.

एका बाजाराला लय गर्दी होती. हकीमसाहेबांनी अचानक माझंच मनगट धरलं. "बवासीर," ते म्हणाले. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी परत मोठ्यानं म्हणाले, "मूळव्याध."

मी हात ओढून घेतला. "मला काय झालं न्हाई."

"मग बसा की मालक," डॉक्टरनं खुर्ची पुढं केली.

बसलो असतो, पण खुर्ची लाकडाची होती. तेवढ्यात चुडाव्याचा एक जण म्हणाला, "गोठ्याचा धनीच औषध घेईना, मग आपुन कशाला घ्यायचं?" दोघं-तिघं उठायलाही लागले.

"आण मलम," मी म्हणालो.

डॉक्टर आमच्याच गावी राहिला. पुढच्या बाजाराला त्यानं विचारलं, "काय मालक, आराम पडला का?"

 मी फक्त नाडी बघायला हात पुढं केला.