चेनवाल्या मावशींची जागा

चेन बसवणारी बाई म्हणजे काय मोठी असामी, असं ज्यांना वाटतं त्यांच्या पँटची चेन भर रस्त्यात कधी तुटलेली नसणार. ज्यांची तुटलीय त्यांना मावशी बरोबर ठाऊक आहेत. जुन्या टपाल कचेरीच्या लांबलचक भिंतीला पाठ लावून त्या बुटक्या स्टुलावर बसायच्या. पुढ्यात हातमशीन, बाजूच्या डब्यात लहानमोठे रनर आणि हातात पक्कड. चांगले सुटाबुटातले साहेब फाइल पोटाखाली धरून, अंग चोरत, तिरके तिरके चालत यायचे आणि मावशी मान वर न करता विचारायच्या, बॅगेची की तुमची? तुमची असेल तर एक जुनी चादर अंगावर यायची. ती कमरेला गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून साहेब मुकाट पँट मावशींकडे सरकवायचे.

निम्म्या चेनी तुटलेल्या नसतातच. रनर सैल झालेला असतो. तो पकडीनं दोन्ही अंगांनी अलगद दाबला आणि दातांवर मेणबत्ती फिरवली की काम झालं. मावशींनी कधी उगाच कोणाला नवी चेन घ्यायला लावली नाही. पण दाबताना तोंडाचा पट्टा सुरू असायचा. माणसं बॅगेत काय काय कोंबतात आणि मग दोष चेनीला कसा देतात, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकून घ्यावं लागायचं. नवरा गेल्यावर त्यांनी याच मशीनवर मुलाला वाढवलं. त्यामुळे कोणी उलट बोलायच्या फंदात पडत नसे.

बसायला पालिकेचा परवाना होता. भिंतीलगत फुटपाथवर पिवळ्या रंगाचे चौकोन आखलेले, ज्याचा त्याचा चौकोन ज्याला त्याला. मावशींच्या एका अंगाला मोजेवाला, दुसऱ्या अंगाला चष्मेवाली. चौकोनाबाहेर एक मोजा जरी लोंबला तरी अतिक्रमणवाल्यांची गाडी यायची आणि सगळा माल उचलून न्यायची. आणखी एक नियम होता आणि त्याचा सगळ्यांनी धसका घेतला होता. जागा फार दिवस रिकामी दिसली तर परवाना रद्द. म्हणून त्या भिंतीला एक रीत पडली होती. कोणी आजारी पडलं, कोणाकडे मयत झाली, की शेजारच्यांनी आपला माल थोडा थोडा पसरायचा आणि त्याची जागा भरून दाखवायची. कोणी कोणाला सांगायचं नाही, आभार मानायचे नाहीत. मोजेवाल्याची बायको बाळंत झाली तेव्हा त्याच्या जागेवर मावशींनी गिऱ्हाइकांच्या जुन्या बॅगा मांडून ठेवल्या होत्या.

एका सकाळी घराच्या पायऱ्या उतरताना मावशी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रिक्षात घालून इस्पितळात नेताना त्या कळवळत होत्या, पण रिक्षा भिंतीजवळून गेली तेव्हा हात बाहेर काढून त्यांनी मोजेवाल्याला ओरडून सांगितलं, जागेकडे बघ रे बाबा. त्यानं मान डोलावली. आणि त्यानं बघितलं, अगदी डोळ्यात तेल घालून बघितलं. त्यातच सगळा घोटाळा झाला.

झालं असं, की मावशी अंथरुणाला खिळलेल्या असताना पालिकेला जाग आली. पट्टे पुसट झाले होते, ते नव्यानं आखायचं ठरलं. मोजणीवाला टेप घेऊन भिंतीशी आला. मोजेवाल्याला वाटलं, हा रिकाम्या जागा शोधायला आला. त्यानं घाईघाईनं मोज्यांची चळत मावशींच्या जागेच्या मध्यापर्यंत ओढली. पलीकडून चष्मेवालीनं चष्म्यांचा फळा सरकवला. मोजणीवाल्यानं विचारलं, ही एवढी सगळी तुझीच का? मावशींसाठी मोजेवाल्यानं छाती काढून सांगितलं, हो साहेब, माझीच. चष्मेवालीनंही तेच सांगितलं. मोजणीवाल्यानं मोजलं, लिहून घेतलं आणि पुढे गेला. दोघांनी एकमेकांकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. मावशींची जागा वाचवली म्हणून त्या दिवशी मोजेवाल्यानं स्वतःच्या खिशातून दोघांना चहा मागवला. बिचारा!

आठवड्याभरात रंगवाला आला. जिथं तीन चौकोन होते तिथं दोन ऐसपैस चौकोन रंगवून गेला.

मावशी काठी टेकत परत आल्या तेव्हा मोजेवाला त्यांच्या नजरेला नजर देईना. चष्मेवाली तर रडायलाच लागली. मावशी खाली बघत नुसत्या उभ्या राहिल्या. मोजेवाल्यानं हात जोडले आणि म्हणाला, माझ्या चौकोनात बसा, जन्मभर बसा. आता कोणीही दुसरी असती तर बसली असती. मावशींनी त्याला एवढंच सांगितलं, की मी इथं पाहुणी म्हणून आलेले नाही.

घरी मुलानं सुस्कारा सोडला आणि वर म्हणाला, बरंच झालं. या वयात रस्त्यावर कशाला बसायचं, आता आराम कर, नातवंडांशी खेळ. त्याचं काही चुकत नव्हतं, आईवर मायाही होती. पण मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आरामाची चव घेतली होती. सगळे आपापल्या कामाला गेल्यावर घर खायला उठायचं. दार वाजलं की वाटायचं गिऱ्हाईक आलं, आणि असायचा केबलवाला. त्या जागेवर त्या चेनवाल्या मावशी होत्या. घरात त्या कोपऱ्यातली म्हातारी होत्या. हे मुलाला सांगून कळलं नसतं. सुनेला न सांगता कळलं. ती म्हणाली, "आई, उद्या मी रजा टाकते. पालिकेच्या कचेरीत दोघी जाऊ."

परवाना विभागात एक मॅडम बसायच्या. बाई सरळ होती, खेकसणारी नव्हती, पण नियमाच्या रेघेबाहेर पाऊल टाकायची नाही. तिनं नकाशा काढून दाखवला. भिंतीला त्या ठिकाणी दोनच जागा आहेत, तिसरी जागा नाहीच. मग मावशींचा परवाना? तो ज्या जागेचा आहे ती जागाच नाही, म्हणजे नूतनीकरण कशाचं करणार? तुम्ही आजारपणाचा साधा अर्ज का नाही दिलात, मॅडमनं विचारलं, आजारपणात जागा राखून ठेवतोच आम्ही. असा अर्ज असतो हे त्या भिंतीवर कोणाच्या गावीही नव्हतं. शेजारी असताना अर्ज कोण कशाला करेल?

एक रस्ता आहे, मॅडम म्हणाल्या. शेजाऱ्यांनी तुमची जागा बळकावली आणि मोजणीवाल्याला खोटं सांगितलं, अशी तक्रार द्या. चौकशी होईल, त्यांचे परवाने रद्द होतील आणि तुमची जागा तुम्हाला मिळेल.

मावशी ताडकन उठल्या, म्हणजे काठीच्या आधारानं जेवढं ताडकन उठता येतं तेवढं. असली जागा मला नको, म्हणाल्या, आणि दोन मिनिटांनी परत येऊन बसल्या, कारण जागा तर हवीच होती.

मग सुरू झाला हेका. सुनेची रजा संपली तरी मावशी एकट्या जायच्या. सकाळी कचेरी उघडली की बाकावर हजर. शिपायानं सांगितलं, रोज येऊन काही होणार नाही. मावशींनी त्याच्या बॅगेची अडकलेली चेन ओढून बघितली, दाबली, चालू करून दिली आणि म्हणाल्या, माझं व्हायचं ते होईल, तुझं तरी झालं ना. मोजेवाला एकदा मागोमाग आला. आपणच जाऊन सगळं कबूल करतो म्हणाला. त्याच्या पदरी दोन मुली होत्या, धाकटी नुकती शाळेत जायला लागलेली. मावशींनी त्याला जिन्यातच गाठून असं झापलं, की तो पायऱ्या मोजत खाली गेला. तोंड उघडलंस तर याद राख, हे त्यांचं शेवटचं वाक्य सगळ्या मजल्यानं ऐकलं.

एके दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी एक सरबतवाला बसला होता. गडी ओक्साबोक्शी रडत होता. त्यानं आपली जागा चार दिवस साडूला चालवायला दिली होती आणि पकडला गेला. परवानाधारकानं जागा दुसऱ्याला वापरू द्यायची नाही, अशी अट आहे. महिनाभर परवाना निलंबित. माझी जागा बंद झाली हो मावशी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि फिरवता फिरवता हात थांबला. खरं सांगायचं तर त्यांना त्या रडणाऱ्या माणसाचा हेवा वाटला. त्याची जागा बंद झाली होती. म्हणजे त्याला जागा होती!

मावशी उठल्या आणि नंबर नसताना थेट मॅडमच्या टेबलाशी गेल्या.

"मॅडम, मला शिक्षा करा."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. मावशींनी शांतपणे सांगितलं, की शेजाऱ्यांनी काही बळकावलेलं नाही. मीच जाताना सांगितलं होतं, जागेकडे बघ म्हणून. रिक्षातून ओरडून सांगितलं, रस्त्यानं ऐकलंय. माझ्या सांगण्यावरून त्यांनी माल मांडला. म्हणजे माझी जागा मी दुसऱ्याला वापरू दिली, अट मोडली, गुन्हा माझा.

"कळतंय का मावशी, काय कबूल करताय? महिनाभर परवाना निलंबित होईल. कायमची नोंद राहील तुमच्यावर."

"होऊ दे. नीट लिहा. कुठली जागा, कोणाची जागा, सगळं लिहा."

मॅडमनं कागद ओढला आणि लिहायला लागल्या. परवानाधारकाचं नाव झालं, गुन्हा झाला, आणि जागेच्या रकान्याशी पेन अडलं. जी जागा नकाशावर नाही ती बंद कशी करायची? त्यांनी नकाशा पाहिला, मग मावशींकडे पाहिलं. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून ढिम्म उभ्या होत्या. मग मॅडमनं मोजणीवाल्याला हाक मारली आणि सांगितलं, की या भिंतीची मोजणी चुकीच्या माहितीवर झालेली आहे, दुरुस्त करा, निलंबनाची कारवाई करायची आहे. शेजाऱ्यांना काय, असं त्यानं विचारलं. त्यांना ताकीद, मॅडम म्हणाल्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलंय त्यांनी. आणि मावशींना जरा कडक आवाजात सुनावलं, की यापुढे आजारी पडलात तर अर्ज करायचा. मावशी म्हणाल्या, यापुढे आजारीच पडणार नाही.

रंगवाला आला त्या दिवशी सून कामावर उशिरा गेली, पण आली. मुलगाही आला. लांब उभा राहिला, पण आला. मोजेवाल्यानं सगळे मोजे आपल्या अंगाला ओढून घेतले होते, चष्मेवालीनं फळा भिंतीला टेकवला होता. रंगवाल्यानं जुना पट्टा खरवडला, दोरी धरली आणि ब्रश चालवला. मावशी बरोबर मधोमध उभ्या होत्या. त्यांच्याभोवती एक बाजू झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अतिक्रमण विभागाचा माणूस 'परवाना निलंबित' असा पत्र्याचा फलक काखेत मारून वाट बघत होता. चौथी बाजू पुरी झाली तरी बाई हलेनात, तेव्हा तो वैतागला.

"बाई, बाहेर या. ही जागा बंद आहे."

"कोणाची जागा?" मावशींनी विचारलं.

"कोणाची म्हणजे? तुमचीच की."

"परत सांग."

"तुमची," तो म्हणाला. "तुमची जागा आहे. आता निघा."

मावशींनी सुनेचा हात धरला, ओल्या रंगाला पाय लागू नये म्हणून काठी पट्ट्यापलीकडे टेकली आणि सांगितल्यासारख्या निमूटपणे बाहेर आल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. त्या माणसानं फलक मधोमध ठेवला. मावशी म्हणाल्या, जरा सरळ ठेव, वाकडा दिसतोय.