वस्तादांचं नाक

गाड्या रंगवण्याच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. स्प्रे-गन धरून एकतीस वर्षं झाली. त्यांनी रंगवलेल्या दारात माणसाला स्वतःच्या मिशा मोजता येतात.

रंगाऱ्याच्या मास्कला दोन थर असतात. बाहेर पांढरा पॅड, आत कोळशाची डबी. डबीमुळे श्वास जड होतो म्हणून वस्तादांनी ती काढून टाकली होती आणि हाताखालच्या प्रत्येकाला काढायला लावली होती. पॅड रंगला म्हणजे रंग अडला, हे त्यांचं साधं गणित. एक पॅड आठवडाभर वापरायचा, मग भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा. ज्याच्या खिळ्याला जास्त पॅड, तो मोठा कारागीर.

गेल्या वर्षी त्यांचा जावई कामाला लागला. दुपारनंतर त्याचा तोल जायचा, जीभ अडखळायची.

"जावईबापू, सकाळीच उघडली का बाटली?" वस्ताद सगळ्यांदेखत विचारायचे.

"मामा, खरंच सांगतो, थेंब घेतला नाही."

वस्ताद सुटीच्या वेळी त्याला दारात थांबवून तोंडाचा वास घेऊ लागले. रोज. तो मान खाली घालून तोंड उघडायचा. शेवटी त्यांनी मुलीला फोन केला, "वास येतोय. मी स्वतः घेतलाय." मुलगी नातीला घेऊन माहेरी आली. जावयाने काम सोडलं.

तीन आठवड्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या तपासणीला एक बाई आल्या. खिळ्यावरचे पॅड बघून त्यांनी कपाळाला हात लावला. एक भरलेला पॅड काचेच्या बरणीत घालून झाकण लावलं.

"फवारा म्हणजे हवेत तरंगणारे बारीक थेंब," त्या म्हणाल्या. "ते पॅडला चिकटतात, कबूल. पण थेंबातलं, रंग पातळ करणारं थिनर उडून त्याचा वायू होतो. चाळणीत कोंडा अडतो, वारा अडतो का? वायूसाठी तर ती डबी होती."

"पण थेंब पॅडवरच राहिला ना?" वस्तादांनी विचारलं.

"राहिला, आणि तिथंच वाळत बसला. तुम्ही थिनरची चिंधी नाकाला बांधून फिरताय."

"म्हणजे न पिताच टाईट!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"हो. तोल जातो, जीभ जड होते. नव्या माणसाला जास्त त्रास. लोकांना वाटतं, प्यायलाय."

मग कुणी हसलं नाही.

जेवणानंतर बाईंनी बरणी उघडली. दोघे खोकत मागे सरले. वस्तादांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच आलं नाही.

"किती वर्षं झाली वास येईनासा होऊन?" बाईंनी हळूच विचारलं.

वस्तादांना ते ठाऊक होतं. घरी दूध करपलं तरी त्यांना कळत नसे. जावयाच्या तोंडाचा वास त्यांना एकदाही आला नव्हता. तो येत असणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, "मला वास येतच नाही. कित्येक वर्षं."

"मग बाबा, 'स्वतः घेतलाय' असं का म्हणालात?"

वस्ताद कारण सांगू लागले, तशी तिने त्यांना थांबवलं.

"मला नका सांगू. त्यांना सांगा जाऊन."

जावयाच्या दारात ते बराच वेळ उभे होते. मग कडी वाजवली. दार उघडलं. वस्ताद शब्द जुळवत होते, तेवढ्यात जावई सवयीने एक पाऊल पुढे आला, मान खाली घातली आणि तोंड उघडून उभा राहिला.